फोटोसाठी थांबू नका

वाचकाचं पत्र:

'ताई, मी ४४ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावात राहते. येत्या मार्गशीर्षात माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरची अठरा माणसं जमतील. धाकटे दीर पुण्याहून मोठा कॅमेरा घेऊन येतात, हौसेनं फोटो काढतात. मला मात्र आत्तापासूनच धडकी भरली आहे. मी कुठल्याच फोटोत चांगली येत नाही. ओठ घट्ट मिटलेले, खांदे वर चढलेले, चेहरा कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा. नणंदेच्या लग्नाचा अल्बम बघताना धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुम्हाला काय कुणी धरून आणलं होतं का?" सगळे हसले, मीही हसले. माझे पुढचे दात जरा पुढे आहेत आणि लहानपणी "दात काढून हसू नकोस" हे फार ऐकलंय. आता मी एक युक्ती काढली आहे. "द्या इकडे, मी काढते फोटो" म्हणायचं आणि सुटायचं. गेल्या पाच गणपतींत माझा एकही फोटो नाही. परवा माझी अकरावीतली लेक म्हणाली, "आई, हे फोटो बघून वाटेल की तू आपल्या घरात राहतच नव्हतीस." ते फार लागलं. आमचे अप्पा एसटीत कंडक्टर होते. त्यांचा माझ्यावर लेकीसारखा जीव आहे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी मला नीट उभं राहायचंय. काय करू?'

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडखळले. 'दात काढून हसू नकोस.' मी बावीस वर्षं घरगुती समारंभांचे फोटो काढतेय. लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, साठीशांती. ज्या बायकांनी लहानपणी हे वाक्य ऐकलंय, त्या मला कॅमेऱ्यातून लगेच ओळखू येतात. मी 'तीन' म्हणायच्या आत कुणाचा हात तोंडाकडे जातो, कुणाच्या पदराचं टोक ओठांवर येतं, तर कुणी वरचा ओठ ओढून दातांवर घेते. तुम्ही या तिसऱ्यांपैकी असाव्यात.

आत्ता वाचता वाचता एक करून बघा. वरचा ओठ खाली ओढून दात पूर्ण झाका आणि हनुवटीला बोट लावा. हनुवटी आवळलेली लागेल, तिच्यावर बारीक खळगे पडलेले असतील. दात थोडे पुढे असले की ओठ मिटायला हनुवटीच्या स्नायूला जोर लावावा लागतो, हे दातांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. हा जोर फोटोत रागासारखा दिसतो. तुमच्या जावेला अल्बममध्ये जो राग दिसला, तो तुमच्या मनात नव्हताच. ते ओठ धरून ठेवण्याचे कष्ट होते. आता ओठ सोडून द्या. ते जिथे सहज थांबतील तिथे थांबू द्या, थोडेसे उघडे राहिले तरी राहू देत. हनुवटी लगेच मऊ होईल. पत्रातल्या तक्रारीपैकी निम्मी इथेच संपते असं मला मनापासून वाटतं.

आणि दातांची काळजी तर खरंच सोडा. फोटोत माणूस आनंदात आहे की नाही हे बघणारा ओळखतो ते डोळ्यांखालच्या पापणीवरून. ग्योम दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं दाखवलं की ओठांचे कोपरे वर उचलणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा साथ देत नाही. म्हणून कुणी 'हसा!' म्हणालं की ओठ हसतात आणि डोळे तसेच राहतात. जे हसू आतून आलेलं असतं, त्यात खालची पापणी किंचित वर चढते, डोळ्यांच्या कोपऱ्याला सुरकुत्या पडतात. तिथे दात दिसले काय नि न दिसले काय, बघणाऱ्याचं तिकडे लक्षच जात नाही. कुणाला हसवायचं तर हसण्यासारखं काहीतरी घडावं लागतं, हुकूम सोडून भागत नाही. ते कसं घडवायचं ते पुढे सांगते.

त्याआधी, आपण सगळेच कॅमेऱ्यापुढे ताठ का होतो ते सांगू द्या, कारण त्यात तुमचा एकटीचा काही दोष नाही.

फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. मुंबईत १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली, तेव्हा काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो घेत आणि एका फोटोसाठी माणसाला काही सेकंद निश्चल बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. जरा हललं की चेहऱ्याच्या जागी धूर. पुढे फिल्म आली, वेळ कमी झाला, पण पैसा आडवा आला. मी ज्या स्टुडिओत काम शिकले तिथे १२० चा रोल असायचा, चौकोनी फोटो निघायचे बारा. त्यातला एक वाया जाणं म्हणजे नुकसान. माझ्या गुरुजींचा पहिला शब्द 'हलू नका' आणि दुसरा 'श्वास धरा'. घरात अप्पांच्या लग्नाचा फोटो असेल तर काढून बघा. बहुतेक सगळे हात सरळ सोडून, छाती पुढे काढून, थेट समोर बघत असतील. अशाच फोटोंकडे बघत आपण मोठे झालो, म्हणून फोटो म्हटलं की आपोआप थांबतो आणि श्वास धरतो. श्वास धरला की खांदे वर जातात, मान आखूड होते. तुमचे चढलेले खांदे तिथूनच आलेत.

आता दिवसाउजेडी साधा मोबाइलसुद्धा सेकंदाच्या शंभराव्या भागात किंवा त्याहून लवकर फोटो घेतो. थांबायची गरज संपून कितीतरी वर्षं झाली, आपली सवय तेवढी राहिली. म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं: फोटोसाठी थांबू नका. जे चाललंय ते चालू ठेवा, फोटो त्यात येऊन जाईल.

याचा एक अनुभव सांगते. सातारा भागात एका डोहाळजेवणाला मी गेले होते. सासूबाई घरच्या कर्त्या, दिवसभर हसतमुखानं वावरत होत्या. सुनेशेजारी फोटोला उभं केलं आणि त्यांची पार मूर्ती झाली. दोन्ही हात पोटाशी घट्ट, नजर माझ्या कपाळावर कुठेतरी. मी चार फोटो काढले, चारही वाया गेले. मग मी म्हटलं, 'मावशी, सुनबाईंची वेणी सुटतेय बघा.' खरोखरच अबोलीची वेणी एका बाजूनं लोंबत होती. त्या लगेच मागे वळल्या. आकडा दातांत धरला, एका हातानं अंबाडा सावरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं फुलांखाली घातली. दातांत आकडा असल्यामुळे त्यांचं बोलणं फसफस येत होतं. 'हलू नकोस गं' असं काहीतरी म्हणाल्या आणि सून खळखळून हसली. तो फोटो त्या घरात आज हॉलच्या भिंतीवर आहे. सासूबाईंचे दात त्यात स्पष्ट दिसतात, आकड्यासकट.

यातून मी एक शिकले ते आजतागायत सोडलं नाही. हाताला काम दिलं की चेहरा सुटतो. रिकामा हात माणसाला नकोसा होतो, तो कुठे ठेवू हे कळत नाही आणि ती चिंता चेहऱ्यावर उमटते. तुमच्या समारंभात तर हाताला कामच काम आहे. ८० वर्षं आणि साधारण १० महिने झाले की आयुष्यात हजार पौर्णिमा होतात, त्याचा हा सोहळा. बऱ्याच घरांत ८१ दिव्यांनी ओवाळतात. काही ठिकाणी तुला करतात, गुळाची, पुस्तकांची. तुम्ही थोरल्या सून आहात. वाती लावताना, तबक सावरताना, अप्पांच्या खांद्यावरची शाल नीट करताना, त्यांच्या टोपीवरची अक्षत झटकताना तुमचे फोटो होऊ द्या. त्या क्षणी तुम्ही कॅमेऱ्याकडे बघायचंच नाही. अप्पांकडे बघा. जिच्यावर सासऱ्यांचा लेकीसारखा जीव आहे तिची त्यांच्याकडे बघतानाची नजर कशी असेल, हे मला पुण्याच्या कॅमेऱ्याशिवायही दिसतंय.

ओवाळताना एक बारकी गोष्ट सांभाळा. एक्याऐंशी दिवे लागले की त्यांचा उजेड चेहऱ्यांवर फार सुंदर पडतो. तेव्हा वरची ट्यूबलाइट बंद करायला सांगा आणि फ्लॅश मारू देऊ नका. उजेड कमी असल्यानं फोटो घ्यायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून कॅमेरा धरणाऱ्यानं कोपर भिंतीला किंवा खांबाला टेकवावं. ही थांबण्याची जबाबदारी त्याची. तुम्ही ओवाळत राहा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण मी मुळातच फोटोत वाईट दिसते त्याचं काय? थोडं थांबून ऐका. तुम्ही स्वतःला रोज बघता ती आरशात. आरशातली तुम्ही आणि जगाला दिसणारी तुम्ही यांत डाव्या-उजव्याचा फरक असतो. नथ घालून आरशासमोर उभ्या राहा. नथ डाव्या नाकपुडीत, म्हणून आरशातही ती तुम्हाला डाव्या हाताच्या बाजूला दिसते. फोटोत तीच नथ बघणाऱ्याच्या उजव्या हाताला जाते. भांग, गालावरचा तीळ, एका बाजूला जरा जास्त वर जाणारी भुवई, सगळंच पालटतं. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे आपलाच चेहरा आपल्याला 'काहीतरी चुकलंय' असा वाटतो. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून बघितलं. बायकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो जास्त आवडला. ज्याला जो चेहरा रोज दिसतो, त्याला तोच बरा वाटतो. म्हणजे जो फोटो बघून तुम्ही नाक मुरडता, त्यात तुमच्या लेकीला तिची नेहमीची आई दिसत असते. मी घरच्यांना कायम सांगते, तुमचा फोटो कुठला ठेवायचा हे तुमच्या मुलांना निवडू द्या.

दुसरं म्हणजे अंतर. तुम्ही बघितलेले बरेचसे फोटो सेल्फी असतील किंवा जेवणाच्या पंगतीत कुणीतरी पुढ्यात मोबाइल धरून काढलेले. जवळून काढलं की जे जवळ आहे ते मोठं दिसतं. नाक, दात, हनुवटी पुढे येतात, कान मागे पडतात. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला: एका फुटावरच्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के जास्त दिसते. तुमच्या दातांवर हाच अन्याय होत आलाय. फोटो घेणारा निदान पाच-सहा पावलं लांब असू दे आणि लागलं तर कॅमेरा झूम करू दे. मोठ्या ग्रुपमध्ये टोकाला उभ्या राहू नका. मोबाइलच्या रुंद लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात, जाड दिसतात. आणि सुना कडेलाच उभ्या राहतात! वर्षानुवर्षं बघतेय. सगळे नीट उभे राहिले की मग बाई हात पुसत येणार आणि जिथे जागा उरेल तिथे, अर्धी दुसऱ्याच्या मागे, उभी राहणार. सासऱ्यांच्या शेजारी तर आणखी अर्धं पाऊल मागे, हात पुढे बांधून, मान थोडी खाली. हा आदर आहे, मला मान्य आहे. पण त्या आदराची सवय अंगात इतकी भिनलेली असते की शरीर आवळून जातं आणि फोटोत ते परकेपणासारखं दिसतं. अप्पांना तुमचं अंतर नकोय. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवा किंवा सरळ त्यांच्या खांद्यावर ठेवा. उभं राहताना भार एका पायावर द्या, दुसरा गुडघा सैल सोडा. फोटोच्या आधी श्वास सोडा, पूर्ण सोडा. खांदे आपोआप उतरतील. याहून जास्त पोझ तुम्हाला शिकवायची माझी इच्छा नाही.

आता खरं काम. तुम्ही आज-उद्या दिरांना फोन करायचा आहे. होय, आधीच. त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत हे बोलणं होणार नाही. मोकळेपणानं सांगा: 'भाऊजी, मला कॅमेऱ्यापुढे भीती वाटते, माझी एवढी एक मदत करा. मला "हसा" म्हणू नका, नावानं हाक मारून वळायला लावू नका. मी कामात असताना लांबून काढा आणि ग्रुप फोटोत मला अप्पांच्या शेजारी उभं करा.' हौशी माणसाला असं सांगितलं तर आनंदच होतो. त्यालाही नेमकं काय हवंय ते कळतं. मला आजवर ज्यांनी ज्यांनी आधी विश्वासानं असं सांगितलं, त्यांचे फोटो मी जास्त जपून काढले.

ग्रुप फोटो कुठे आणि कधी घ्यायचा तेही त्यांच्याशी ठरवून टाका. मार्गशीर्षातलं ऊन तिरकं असतं, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारच्या पुढे ते कोवळं. पण उन्हात तोंड करून कुणालाही उभं करू नका, सगळ्यांचे डोळे बारीक होतात आणि कपाळाला आठ्या पडतात. घराला पडवी असेल तर याहून चांगली जागा नाही. पडवीत सावलीत उभं राहायचं, तोंड अंगणाकडे. अंगणातला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. गच्चीवर भरदुपारी नको, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली येते. हॉलमध्येच काढायचा झाला तर खिडकीकडे तोंड करा, खिडकी पाठीशी घेऊ नका. मागच्या दोरीवरचे टॉवेल आणि कोपऱ्यातलं सिलिंडर आदल्या दिवशीच हलवा. चष्म्यात उजेड चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर जरा वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक जाते. अप्पांना चष्मा असेल तर हे काम तुमचंच.

आणि वेळ? जेवणाआधी. जेवणानंतर अप्पांना झोप येणार, लहान मुलं चिकट झालेली असणार. सगळ्यात आधी अप्पांना खुर्चीत बसवायचं, मग लहान मुलं त्यांच्या पायाशी, मग बाकीचे. दहा मिनिटांत संपवायचं. एक्याऐंशीच्या माणसाला त्याहून जास्त ताटकळवणं बरोबर नाही. रुसलेल्या पोराला ओढून आणून कुणाच्या मांडीवर बसवू नका, ते बाजूला उभं राहून बघत असेल तर तेही फोटोत छान दिसतं.

अठरा माणसांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटणारच. याचंही गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी, एक विज्ञानावर लिहिणारी आणि एक भौतिकशास्त्रज्ञ, पापण्या किती वेळा आणि किती काळ मिटतात यावरून एक सोपा नियम काढला, २००६ साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस, मिळालं. वीसच्या आत माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीननं भागा, तेवढे फोटो काढा, त्यात एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री. उजेड कमी असेल तर दोननं भागा. तुमच्याकडे अठरा, म्हणजे पडवीत सहा आणि अंधाऱ्या हॉलमध्ये नऊ. दिरांना सांगा, एका दमात आठ-दहा काढा, मधे थांबून बघू नका. ही 'मधे बघण्याची' सवय मला फार त्रास देते. एक फोटो झाला की सगळे मोबाइलभोवती गोळा होतात, 'ई, मी कशी दिसतेय' सुरू होतं आणि पुढच्या फोटोत सगळे आधीच्या चुका सुधारत बसतात. त्या दिवशी घरात नियमच करा, फोटो बघायचे ते पाहुणे गेल्यावर, रात्री. तुम्ही तर आठवडाभर बघू नका. ताज्या फोटोत आपल्याला फक्त आपली हनुवटी दिसते. आठ दिवसांनी तो दिवस दिसायला लागतो. तोवर 'डिलीट करा' म्हणायचं नाही आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा फोटो टाकण्याआधी तुम्हाला विचारायचं, एवढा शब्द दिरांकडून घ्या.

राहिलं हसू. 'चीज' म्हणू नका. त्या 'ई'नं ओठ आडवे ताणले जातात आणि तुम्हाला तर तेच नको आहे. गणपतीच्या दिवसांत मी 'गणपती बाप्पा' अशी हाक देते, सगळे 'मोरया' म्हणतात, आणि 'मोरया' संपल्यावरच्या क्षणात फोटो घेते. ओरडून झाल्यावर श्वास सुटलेला असतो, मुलं एकमेकांकडे बघून हसत असतात, मोठ्यांचे खांदे उतरलेले असतात. हा क्षण कायम चांगला असतो.

पण तुमच्या घरी याहून चांगलं काहीतरी आहे. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, अप्पा कंडक्टर होते. एसटीतली एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे निघा, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. तर सगळे पडवीत उभे राहिले की फोटोची सूचना दिरांनी द्यायचीच नाही. ती अप्पांनी द्यायची. देवघरातली घंटा त्यांच्या हातात द्या आणि सांगा, अप्पा, गाडी सुटायची वेळ झाली, डबल मारा. टिंग टिंग. त्यांच्या हाताला काम मिळालं. एवढ्या वर्षांची सवय त्या मनगटात आहे, ते नुसती घंटा वाजवून थांबणार नाहीत, 'चला, पुढे सरका, पुढे सरका' असं काहीतरी ओरडतील, अशी माझी खात्री आहे. अठरा माणसं खरोखर पुढे सरकतील, जवळ येतील, आणि सगळे अप्पांकडे बघतील. तुम्हीसुद्धा. दिरांनी तेव्हा बटण दाबून ठेवायचं.

त्याआधीच्या दिवसांत थोडी सवय करून घ्या. लेकीला सांगा, रोज दोन फोटो काढ, मला न सांगता. भाकरी थापताना, फोनवर बोलताना, अंगणात तुळशीला पाणी घालताना. तिला तिच्याजवळ ठेवू दे, तुम्ही बघायचे नाहीत. मोबाइल समोर आल्यावर तुमचा हात थबकणं पंधरा दिवसांत कमी होईल. आणि तिच्याकडे आईचे तीसेक फोटो जमतील, पाच गणपतींची थोडी तरी भरपाई.

जावेच्या त्या वाक्याबद्दल मी काही म्हटलं नाही, कारण तुम्हीही त्यावर फार लिहिलेलं नाही. पण 'मीही हसले' हे मी वाचलं. ती पुन्हा तसं बोलली तर हसू नका. 'मला फोटोची भीती वाटते गं, म्हणून तशी दिसते' एवढं शांतपणे सांगा. बहुतेक वेळा समोरच्याला हे माहीतच नसतं. कदाचित तीच त्या दिवशी तुमचा पदर सारखा करायला पुढे येईल, आणि तेवढ्यात दिरांनी फोटो काढला तर तो नक्की ठेवा.

समारंभ झाला की पडवीतला फोटो मोबाइलमध्ये पडू देऊ नका. कराडच्या कुठल्याही लॅबमध्ये मोठा करून मिळेल. आठ बाय बाराचा एक अप्पांच्या खोलीसाठी, आणि सहा बाय चारच्या प्रती प्रत्येक घरासाठी. मागच्या बाजूला तारीख आणि तिथी घाला आणि सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून काढा. लिहायचं काम लेकीला द्या, तिचं अक्षर चांगलं असेल. अप्पांच्या नावानंतर लगेच तुमचं येईल.

तुमची,
ताई